भीमाशंकरचें अरण्य व आपला बांध

पळसदेवच्या शेतकऱ्यास भीमा नदी नवी नाहीं. तिच्याच पाण्यावर आपला ऊस उभा आहे, आणि तिच्याच पाण्याखालीं आपलें जुनें गांव गेलें आहे. उजनीचें धरण सन १९८० मध्यें पुरें झालें, जुनें पळसदेव जलाशयांत बुडालें, आणि उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें म्हणजे पळसनाथाच्या प्राचीन देवळाचें शिखर आजहि वर दिसूं लागतें, हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ही नदी जेथें उगम पावते तें भीमाशंकरचें अरण्य आपल्यापैकीं किती जणांनीं शेतकऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें आहे? पुष्कळ जण तेथें जातात. देवदर्शन घेतात, धबधब्याच्या तुषारांत भिजतात, आणि परततात. प्रस्तुत लेखकानेंहि आयुष्यांत तीन वेळां असेंच केलें होतें. गेल्या वर्षीच्या भाद्रपदांत मात्र गांवचे आम्ही सात जण कांहीं एक हेतु धरून गेलों. आपल्या तालुक्यांत वर्षाकाठीं सुमारें ५०० मिलीमीटर पाऊस पडतो, तरी शेतांतील माती वाहून जाते. भीमाशंकरीं सुमारें ३,००० मिलीमीटर, म्हणजे सहापट, पाऊस पडतो, तरी अरण्यांतील माती जागच्या जागीं राहते. हें कसें घडतें तें समक्ष पाहावें, एवढाच तो हेतु होता.

स्थळ व कायदा

पुणें-नाशिक रस्त्यावरील मंचर येथून डावीकडे वळलें म्हणजे घोडेगांव, डिंभें व तळेघर या मार्गानें भीमाशंकरास जातां येतें. वाटेंत घोड नदीवरील डिंभें धरणाचा जलाशय लागतो. ही घोड नदीहि पुढें भीमेसच मिळते, म्हणजे तेंहि पाणी आपल्याकडेच येणारें होय. याच जलाशयाच्या वरच्या अंगास माळीण हें गांव आहे. ३० जुलै २०१४ रोजीं पहाटे डोंगराचा कडा खचून तें गांव गाडलें गेलें, व दीडशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. अतिवृष्टि हें त्याचें उघड कारण होतें. उताराच्या जमिनींत माणसानें केलेल्या फेरबदलाचा त्यांत वांटा किती, याविषयीं जाणकारांत मतभेद झाले. आम्हांपुरता बोध एवढाच कीं, उतारावरील माती ही भिजेपर्यंतच स्थिर असते, आणि तिच्याशीं खेळ करूं नये.

'अभयारण्य' व 'राष्ट्रीय उद्यान' हे शब्द लोक एकाच अर्थानें वापरतात. परंतु महसुली दप्तरांत ज्यानें उमेद घालविली त्यास हा घोटाळा खपत नाहीं. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें दोहोंत भेद केला आहे. राष्ट्रीय उद्यानांत खासगी हक्क शिल्लक राहत नाहींत व गुरांस चराई नसते. अभयारण्यांत कांहीं हक्क ठरलेल्या शर्तींवर चालूं राहूं शकतात. आपल्या राज्यांत राष्ट्रीय उद्यानें सहा आहेत. त्यांपैकीं ताडोबा हें सर्वांत जुनें, सन १९५५ चें. आणि सह्याद्रीवरील चांदोली हें सन २००४ चें. भीमाशंकर हें सन १९८५ मध्यें जाहीर झालेलें अभयारण्य असून त्याचें क्षेत्र सुमारें १३१ चौरस किलोमीटर आहे. त्याचा मुख्य भाग आंबेगांव व खेड या तालुक्यांत आहे, आणि कांहीं भाग घाट उतरून कोंकणाच्या बाजूस गेलेला आहे. अरण्याच्या पोटांत व कडेला महादेव कोळी समाजाचीं गांवें आहेत. भात, नाचणी, वरई हीं त्यांचीं पिकें, व हिरडा गोळा करून विकणें हा त्यांचा जुना आधार. ज्या रानावर पोट चालतें तें रान राखावें लागतें, हें त्यांस कोणी शिकवावें लागलें नाहीं. आहुपें येथील देवराई त्याची साक्ष आहे.

अरण्याच्या आंत

आमचा वाटाड्या साठीच्या घरांतील एक महादेव कोळी गृहस्थ होते. त्यांच्या मागून आम्ही झाडींत शिरलों तों पावसाचा आवाजच बदलला. बाहेर सरींचा मारा चालू होता. आंत निरनिराळ्या उंचीवर तो अडत, फुटत, पानांवरून व खोडांवरून ओघळत खालीं येत होता. वर जांभूळ, हिरडा, आंबा, मध्यें अंजनी, खालीं कारवीचें रान, खोडांवर शेवाळ, आणि पायाखालीं कुजत असलेला पाचोळा. आमच्यांतील वडील मंडळींपैकीं तात्यांनीं खालीं बसून त्या पाचोळ्यांत हात घातला. चार बोटें खोल गेल्यावर काळी, भुसभुशीत, पांढऱ्या मुळ्यांनीं विणलेली माती हातीं लागली. तिचा वास घेऊन ते मला म्हणाले, "भाऊसाहेब, हे तर फुकटचं शेणखत आहे." त्यावर वाटाडे वळून म्हणाले, "फुकटचं न्हाई पाव्हणं. कुणी झाडून न्हेलं न्हाई, म्हणून हाये."

या एका वाक्यांत आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर होतें. उघड्या जमिनीवर पावसाचा थेंब आपटला म्हणजे मातीचा कण फुटून उडतो, आणि बारीक कण जमिनीच्या छिद्रांत बसून तीं बुजवितात. मग वर चिकण पापुद्रा धरतो. पाणी मुरेनासें होतें, आणि मुरलें नाहीं तें वाहूं लागतें. वाहतें पाणी सुटे झालेले कण बरोबर घेऊन जातें. अशा रीतीनें पहिल्या थेंबानें मातीस मोकळें करावयाचें व मागच्या पाण्यानें तिला पळवावयाचें, असें हें काम दोन टप्प्यांनीं होतें.

येथें एक गोष्ट ध्यानीं धरण्याजोगी आहे. नुसतें उंच झाड असल्यानें हें टळत नाहीं. उंच फांदीवरील पानाच्या टोकाशीं लहान थेंब एकत्र होऊन मोठा थेंब खालीं पडतो, व त्याचा मारा कधीं कधीं पावसाच्या थेंबाहूनहि जबर असतो. म्हणून जेथें झाडें आहेत पण खालील पाचोळा झाडून नेला जातो वा जाळला जातो, तेथेंहि माती जातेच. मातीचें खरें कवच पायाखालचा पाचोळा हेंच होय. झाड तो पुरवितें, आणि मुळांनीं माती धरून ठेवितें. दोन्ही कामें मिळून अरण्य होतें.

याच ठिकाणीं शेकरूचें दर्शन झालें. शेकरू ही मोठ्या जातीची खार असून ती आपल्या राज्याचा राज्यप्राणी आहे. शेंपटीसह तिची लांबी सुमारें एक मीटर भरते. फळें, बिया व साली खाऊन ती झाडावरच राहते, काटक्या व पानें यांचीं गोल घरटीं उंचावर बांधते, आणि जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर उडी मारून तिचा सारा संसार चालतो. म्हणून जेथें फांदीस फांदी भिडलेली आहे तेथेंच तिची वस्ती. मधलीं चार झाडें तुटलीं कीं तिची वाट बंद. या अरण्यांत बिबट्या, सांबर, भेकर व रानडुक्कर हींहि जनावरें आहेत, परंतु तीं आमच्या दृष्टीस पडलीं नाहींत. चिखलांतील खुरांच्या खुणा तेवढ्या वाटाड्यांनीं दाखविल्या.

दोन रंगांचें पाणी

सह्याद्रीचा हा कडा काळ्या पाषाणाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. कठीण थर टिकतो, त्याखालील मऊ थर झिजतो, आणि जेथें अशी पायरी पडते तेथें ओढा धबधबा होऊन कोसळतो. माथ्यावर पाणलोटाची सीमा आहे. शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांपैकीं पश्चिमेस ओघळलेला थेंब कोंकणांत उतरून अरबी समुद्रास मिळतो. पूर्वेस ओघळलेला भीमेंत येऊन, खेड, दौंड, इंदापूर, पंढरपूर असा प्रवास करीत कृष्णेंत शिरतो व बंगालच्या उपसागरास पोंचतो. आपल्या मोटारीनें उपसलेलें पाणी या दुसऱ्या जातीचें.

कोंढवळच्या धबधब्याकडे जातांना आमचा हेतु अकल्पित रीतीनें सफल झाला. एका वळणावर दोन ओहोळ एकत्र येत होते. एक दाट झाडींतून आलेला. त्याच्या तळचा खडा अन् खडा दिसत होता. दुसरा उघड्या उतारावरून, जेथें रस्त्यासाठीं डोंगर नुकताच कापलेला होता तेथून, आलेला. तो गुळवणीसारखा तांबडा. डोंगर एक, पाऊस एक, घटका एक, आणि पाणी दोन रंगांचें. तेथें मीं दोन रिकाम्या बाटल्या दोन्ही ओहोळांच्या पाण्यानें भरून घेतल्या व त्यांवर चिठ्ठ्या चिकटविल्या. बरोबरच्या मंडळींनीं 'भाऊसाहेबांची पंचनाम्याची खोड गेली नाहीं' म्हणून थट्टा केली. घरीं आल्यावर त्या खिडकींत ठेविल्या. दुसरे दिवशीं सकाळीं पहिलींत तळाशीं चिमूटभर काळा कचरा होता. दुसरींत बोटभर गाळ बसला होता.

एक गैरसमज व एक हिशेब

अरण्य पाऊस आणतें, असें आपण सर्रास म्हणतों. सह्याद्रीवरील मोठ्या पावसाचें मुख्य कारण पर्वत हा आहे. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे कड्यास अडून वर चढतात, थंड होतात, व पाऊस पडतो. झाडें आपल्यासाठीं पाणी पितातहि. अरण्याचा गुण पाऊस आणण्यापेक्षां आलेल्या पावसास रीत लावण्यांत अधिक आहे. धांवणाऱ्या पाण्यास तें चालावयास लावतें, चालणाऱ्यास मुरवतें, आणि मुरलेलें पाणी पाऊस थांबल्यावरहि झऱ्यांतून हळूहळू सोडतें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, तें पाण्याबरोबर माती जाऊं देत नाहीं.

आतां हिशेब पाहूं. उजनी जलाशयाचें पाणलोट क्षेत्र सुमारें १४,८५० चौरस किलोमीटर आहे. भीमाशंकर अभयारण्य १३१ चौरस किलोमीटर. तें सर्व भीमेकडेच उतरतें असें धरलें, जें खरें नाहीं, तरी शेंकडा एक हिस्साहि भरत नाहीं. शिवाय वर भीमेवर चासकमान, घोडेवर डिंभें, व इतर उपनद्यांवरहि धरणें आहेत. डोंगराकडील गाळाचा मोठा भाग त्यांतच अडून बसतो. मग उजनीच्या फुगवट्यांत, आपल्या मोटारींच्या पाइपांशीं, जो गाळ दर वर्षीं चढतो तो येतो कोठून? तो बहुतांशीं त्या धरणांच्या खालच्या प्रदेशांतून, म्हणजे खेड, शिरूर, दौंड, इंदापूर येथील शेतांतून व ओढ्यांतून येतो. नदीचा वेग जलाशयांत शिरतांच मंदावतो. जाड कण आधीं बसतात, बारीक पुढें जातात. उजनीचा एकूण सांठा सुमारें ११७ टी. एम. सी., आणि त्यांत मृत सांठाच सुमारें ६३ टी. एम. सी. आहे. गाळ मृत सांठ्यांतच बसतो असेंहि नाहीं. तो वरच्या उपयुक्त सांठ्यांतहि जागा खातो. म्हणजे आपली माती आपणच आपल्या पाण्याच्या जागेंत नेऊन भरीत आहों. अरण्याकडे बोट दाखवून हा हिशेब मिटत नाहीं.

दुसरा हिशेब घरचा. एक एकर म्हणजे सुमारें ४,०४७ चौरस मीटर. त्यावर एक मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे ४,०४७ लिटर पाणी पडलें. ५०० मिलीमीटर पाऊस म्हणजे एकरीं वीस लाख लिटर. आणि त्याच एकरावरून केवळ एक मिलीमीटर जाडीचा थर धुऊन गेला, तर ती चार घनमीटर माती झाली. वजन सुमारें पांच टन, म्हणजे पन्नास क्विंटल. खळ्यावरून पन्नास क्विंटल ज्वारी चोरीस गेली तर आपण पोलिसांत जाऊं. पन्नास क्विंटल माती जाते तेव्हां बांधावर उभे राहून 'पाऊस चांगला झाला' असें म्हणतों. इंचभर माती घडावयास शेंकडो वर्षें लागतात, हें मात्र आठवत नाहीं.

माझा स्वतःचा अपराध

सेवेंत असतां बांध कोरल्याच्या तक्रारींचे शेंकडो कागद माझ्या हाताखालून गेले. दुसऱ्याचा बांध कोरणारास मीं मनांतल्या मनांत पुष्कळ नांवें ठेविलीं. पण स्वतःच्या शेताचा ओढ्याकडील बांध मींच कोरला, हें येथें लिहून ठेवणें भाग आहे. तो बांध तीनशें फूट लांब व तीन फूट रुंद होता. त्यावर मारवेल गवत, दोन बाभळी व एक पळस उभा होता. सावलीनें दोन सऱ्यांचा ऊस मारला जातो म्हणून मीं झाडें काढविलीं, गवत जाळलें, आणि नांगर दोन फूट पुढें घातला. त्यायोगें अर्ध्या गुंठ्याहून किंचित् अधिक जमीन मिळाली. सन २०२० च्या ऑक्टोबर महिन्याच्या १४ तारखेस आपल्या तालुक्यांत जी अतिवृष्टि झाली, तींत तो फूटभर राहिलेला बांध फुटला. सकाळीं जाऊन पाहतों तों सुमारें दहा गुंठे जमिनीवरची माती ओढ्यांत गेलेली, व खालचा मुरूम उघडा पडलेला. अर्ध्या गुंठ्यासाठीं दहा गुंठे दिले. शेजाऱ्याचा बांध कोरला असता तर निदान कोणी तक्रार तरी केली असती. माझ्याविरुद्ध तक्रार करणारें कोणी नव्हतें.

भीमाशंकरीं तो स्वच्छ ओहोळ पाहतांना मला हा बांध आठवला. अरण्यांत जें कोणी मुद्दाम लाविलें नाहीं तेंच मीं आपल्या हातानें उपटून टाकिलें होतें.

आपणांस काय करतां येईल

आपल्या शेतांत अरण्य उभें करणें शक्य नाहीं, आणि तशी आवश्यकताहि नाहीं. अरण्याच्या ज्या युक्त्या आहेत त्यांपैकीं चार आपल्या आवांक्यांत आहेत.

१. पाचट जाळूं नये. उसाचें पाचट म्हणजे आपल्या रानाचा पाचोळा. तें सरींत पसरून कुजूं द्यावें. थेंबाचा मारा त्यावर बसतो, ओल टिकते, तण दबतें, व कुजल्यावर माती भुसभुशीत होते.

२. बांध रुंद ठेवावा व त्यावर गवत राखावें. मारवेल वा वाळा यांच्या मुळ्या बांध विणून धरतात, आणि मारवेल जनावरांस वैरणहि पुरवितें. बांधावर आपल्या हवेस मानवणारीं झाडें ठेवावीं: बाभूळ, कडुनिंब, बोर, करंज, सीताफळ, आणि ज्याच्या नांवानें आपलें गांव ओळखलें जातें तो पळस. सावली पिकावर कमी पडेल अशा अंगास तीं लावावीं व फांद्या वेळोवेळीं छाटाव्या.

३. नांगरट व पेरणी उताराच्या आडवी करावी, उभी करूं नये. प्रत्येक आडवें तास हा एक लहान बांधच होय. जादा पाणी काढून देण्याची जागा दगडांनीं पक्की करावी. बांध बहुधा तेथेंच फुटतो.

४. ओढ्याच्या कांठापर्यंत नांगर नेऊं नये. कांठावरील पांच-दहा फुटांचा झाडोरा तसाच सोडावा. शेजाऱ्यांनींहि तसेंच केलें तर तो पट्टा सलग होईल. शेकरूस जशी भिडलेली फांदी, तसा ओढ्यास सलग कांठ. मध्यें एकानें तोडला तर तेथूनच पाणी आंत घुसतें.

ज्यास या गोष्टींविषयीं शंका असेल त्यानें घरीं एक प्रयोग करावा. दोन सारख्या पसरट पेट्यांत एकाच शेताची माती भरावी. एक उघडी ठेवावी, दुसरीवर पाचट पसरावें. दोन्ही सारख्या उतारावर ठेवून झारीनें सारखेंच पाणी घालावें, आणि खालीं निथळणारें पाणी निरनिराळ्या भांड्यांत धरावें. मुलांसमक्ष केल्यास अधिक चांगलें; पुढें जमीन त्यांच्या नांवावर होणार आहे.

जाणारांस सूचना

ज्यांस भीमाशंकर पाहावयाचें असेल त्यांनीं निघण्यापूर्वीं रस्ता, दर्शन व वनांतील प्रवेश यांची चौकशी करावी. श्रावणी सोमवारची गर्दी टाळावी. धबधब्याच्या डोहांत उतरूं नये. वर डोंगरांत सर कोसळली तर खालीं ऊन असतांहि लोंढा येतो, आणि शेवाळलेला खडक पाय धरत नाहीं. वानरांस खावयास घालूं नये. प्लास्टिक नेलें असेल तें परत आणावें. वाटाड्या स्थानिक घ्यावा, व त्यास योग्य मेहनताना द्यावा. रानाची जी माहिती त्यास आहे ती कोणत्याहि फलकावर नाहीं.

अखेर एवढेंच. परत आल्यावर मीं आपल्या शेताच्या सांडीवरचें पाणी तिसऱ्या बाटलींत भरलें होतें. त्यांत दीड बोट गाळ बसला. म्हणजे डोंगर कापलेल्या जागेच्या पाण्याहूनहि माझ्या शेताचें पाणी गढूळ ठरलें. त्यानंतर बांध पुन्हां तीन फूट रुंद केला, मारवेलीचीं ठोंबें लाविलीं, आणि पाचट राखलें. यंदाच्या पावसाळ्यांत भरलेल्या चौथ्या बाटलींत पाऊण बोट गाळ आहे. यंदा पाऊस त्या जोराचा नव्हता, म्हणून यास मी सिद्धांत म्हणत नाहीं. पुढील दोन-तीन वर्षें नोंद ठेवणार आहे. चारहि बाटल्या ओटीच्या खिडकींत ओळीनें ठेविल्या आहेत. ज्या बंधूंस पाहावयाच्या असतील त्यांनीं अवश्य यावें, आणि येतांना आपल्या शेताच्या सांडीवरची एक बाटली भरून आणावी.